ऊसतोडीच्या गावातली मंडळी : गळके छप्पर, पाच गावांचा पाळक आणि हरवलेले कागद

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेला, नेवासे-शेवगाव-पाथर्डी या पट्ट्यात, अमेरिकन मराठी मिशनच्या काळात उभ्या राहिलेल्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्चचे गावोगावचे समुदाय, आहेत. त्यांतली एक इथे नमुन्यादाखल घेतली आहे. गावाचे नाव दिलेले नाही, कारण ते एकच गाव नव्हे. या पट्ट्यात जागोजाग जे दिसते ते एका गावावर बसवले आहे. घरांचे, दानाचे आणि खर्चाचे आकडे हिशेब कळावा म्हणून धरले आहेत. कायद्याच्या तरतुदी आणि बांधकामाची मापे मात्र जशीच्या तशी आहेत.

मंडळीच्या यादीत ४६ घरे, म्हणजे लहानमोठी धरून सुमारे २०० माणसे. ४० फूट लांब, २० फूट रुंद दगडी चर्च. वर सागवानी कैच्या (छपराचे तिकोनी लाकडी सांगाडे) आणि मंगलोरी कौले. पाळक (मंडळीचा धर्मगुरू) पाच गावांना मिळून एक, राहायला तालुक्याच्या ठिकाणी. सात जणांची कमिटी. पावसाळ्यात वेदीवर ताडपत्री बांधावी लागते. गेल्या वर्षी कमिटीने ठराव केला : कौले काढून स्लॅब टाकायचा, त्यासाठी घरटी वर्गणी गोळा करायची आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांकडे मागायचे. पैसे थोडे जमले, काम मात्र सुरू झाले नाही. सुरू झाले नाही हे बरेच झाले. का, ते पुढे येईल.

मंडळी अशी कशी झाली

अमेरिकन बोर्ड या मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. तिथून काम खेड्यांत गेले. नेवासे तालुक्यातले वडाळा हे त्यातले मोठे ठाणे. ख्रिस्ती झाले ते बहुतेक महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले लोक. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर मंडळ्या झपाट्याने वाढल्या. नारायण वामन टिळकांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले, म्हणून आजही इथली म्हातारी बाई टाळ हातात आला की सहज गाते, छापील उपासनाक्रम मात्र तिच्या हातात अवघडतो.

व्यवस्था मिशनच्या पैशावर उभी होती. पाळकाचा पगार, शाळामास्तर, बायबलबाई (घरोघर बायबल वाचून दाखवणारी), मुलांचे बोर्डिंग, कौले शाकारणे, सगळे मिशन बंगल्यावरून यायचे. मंडळीतल्या हुशार मुलामुलींना बोर्डिंग हा गावातून बाहेर पडायचा रस्ता होता, आणि ती बाहेर पडलीही. मास्तर, नर्स, कंपाउंडर, रेल्वेतले कारकून झाली आणि नगर, पुणे, मुंबईला स्थायिक झाली. गावात राहिली ती ज्यांना हा रस्ता मिळाला नाही ती घरे. पुढे मिशनरी गेले, १९७० साली वेगवेगळी चर्चे एक होऊन नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, मंडळी त्याच्या डायोसिसखाली (बिशपच्या प्रांताखाली) आली. इमारत मागे राहिली, तिला पोसणारी रचना राहिली नाही. 'पूर्वी साहेबाच्या वेळेला कसे होते' ही गावातली तक्रार अगदीच खोटी नाही, पण त्या आठवणीत पैसा कुठून यायचा ते कोणी सांगत नाही.

वर्ष दोन तुकड्यांचे आहे

बाहेरून आलेला माणूस नाताळच्या आसपास गावात आला तर मंडळी संपली असेच म्हणेल. ४६ घरांपैकी साधारण ३० घरांतली धडधाकट माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. गाळप मार्च-एप्रिलपर्यंत चालते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. लहान पोरे बरोबर कोपीवर (तळावरच्या झोपडीत), शाळेतली आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. नाताळ, राखेचा बुधवार, बहुतेक वर्षी उत्तम शुक्रवारसुद्धा (गुड फ्रायडे), यातले काही त्यांना चर्चमध्ये मिळत नाही. चर्चचे वर्ष आणि गावाचे वर्ष एकमेकांवर बसत नाही, आणि सगळ्या अडचणी यातूनच फुटतात.

कमिटीचेच पाहा. निवडणूक होते ती माणसे गावात असताना, जून-जुलैत. तरणी, बोलकी, लिहिता-वाचता येणारी माणसे निवडली जातात. सातांपैकी पाच नोव्हेंबरात निघून जातात. खजिनदार कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या तळावर, पावतीपुस्तक त्याच्या घरी कुलपात, आणि बँकेत त्याची सही लागते. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणजे ऐन गाळपात. ट्रस्टचे हिशेब तपासून सहा महिन्यांच्या आत ऑडिट रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात जावा लागतो. पण गावाकडून वही जाते ती जूननंतर, अर्ध्या पावत्यांनिशी. डायोसिसच्या कार्यालयाला वाटते गावचे लोक बेजबाबदार आहेत. गावाला वाटते वरचे लोक उगाच कटकट करतात. दोघांचेही चुकते आहे ते फक्त पंचांग.

यावर उपाय स्वस्त आहे. कमिटीत निदान तीन जागा वर्षभर गावात राहणाऱ्यांच्या ठेवायच्या. त्या कोण? निवृत्त शिक्षक असला तर तो, अंगणवाडी सेविका, आणि महिला मंडळातली एखादी. बँकेत तीन नावे, कोणाही दोघांच्या सह्या. त्यांतली निदान दोन नावे न जाणाऱ्यांची. पावतीपुस्तक दुहेरी, कार्बन घातलेले, आणि ते घरी न ठेवता चर्चच्या पेटीत. दानार्पण मोजायला दोघे, आकडा त्याच दिवशी वहीत, दोघांची सही किंवा अंगठा. नोव्हेंबर ते मार्च या काळात प्रत्यक्षात चर्च चालवतात त्या म्हाताऱ्या बायाच. झाडलोट, दिवा, घंटा, आजाऱ्याच्या घरी प्रार्थना, सगळे त्यांच्याकडे असते. कमिटीत मात्र त्यांतली एकही नसते. याला परंपरा म्हणतात. कारभाराच्या दृष्टीने तो निव्वळ गाढवपणा आहे.

उपासनेची वेळ हाही असाच प्रश्न. रविवारी सकाळी नऊ वाजता ही मिशन बंगल्याची वेळ. शेतमजुराला रविवारची सुटी नसते. त्याची सुटी आठवडे बाजाराच्या दिवशी. गावाचा बाजार गुरुवारी असेल तर गुरुवारी संध्याकाळची उपासना रविवारपेक्षा भरलेली दिसते. रात्री जेवणानंतर साडेआठला बसले तरी जमते, फक्त लाउडस्पीकर रात्री दहाच्या आत बंद झाला पाहिजे. रात्री दहा ते सकाळी सहा तो लावायचा नाही हा नियम सगळ्यांना सारखा आहे, आणि तक्रार व्हायला निमित्त पुरते. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (मोठ्या झालेल्या मुलांनी आपला विश्वास कबूल करण्याचा विधी) मे ते सप्टेंबर या महिन्यांत घ्यावे. दृढीकरणाचे वर्ग जूनमध्ये सुरू केले तर पोरे दसऱ्यापर्यंत पुरी होतात. डिसेंबरात सुरू केले तर तिसऱ्या आठवड्याला कोणी उरत नाही.

नाताळचे काय? तळावर जायचे. एका कारखान्याच्या परिसरात या पाच गावांची माणसे दोन-तीन टोळ्यांत विखुरलेली असतात. पाळकाने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन रात्री तिथे काढल्या तर प्रभुभोजनही (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) होते आणि आजारी, अडलेल्या, मुकादमाशी (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराशी) भांडण झालेल्या माणसाची खबरही लागते. जाताना मुकादमाला आधी कळवावे आणि गाडी भरायची वेळ कोणती ते विचारून घ्यावे. रात्री अकराला भरायला गेलेली टोळी सकाळी आठला उपासनेला बसत नाही.

पैशाचा हिशेब

वर्षाच्या ५२ रविवारांपैकी जून ते ऑक्टोबरचे २२, दर वेळी सरासरी ४०० रुपये दान : ८,८००. नोव्हेंबर ते मार्चचे २२, दर वेळी १५० : ३,३००. एप्रिल-मेचे ८, दर वेळी ३०० : २,४००. एकूण १४,५०० रुपये. हंगामाच्या सणाचा (पिकाच्या दानाचा सण) लिलाव १८,०००. नाताळ आणि ईस्टरचे खास दान ९,०००. मासिक वर्गणी घरटी ५० रुपये ठरलेली. ४६ घरांनी दिली तर वर्षाला २७,६०० व्हावी, पण नियमाने देणारी घरे २०, म्हणून हाती १२,०००. सगळे मिळून ५३,५००.

खर्चात पहिला पाळकाचा पगार. महिना १५,००० म्हणजे वर्षाला १,८०,०००. पाच गावांत वाटला तर दर गावाचा वाटा ३६,०००. पेट्रोलचा वाटा ६,०००. वीजबिल ४,८००. प्रभुभोजनाचे साहित्य, झाडू, बल्ब वगैरे ३,०००. हिशेबनीस आणि ऑडिट ४,०००. बेरीज ५३,८००.

तीनशे रुपये तूट, आणि छपराच्या नावाने शून्य. पाळकाला महिना १५,००० देऊन त्याच्याकडून पाच गावांची अपेक्षा करायची हेही न्यायाचे नाही. पण या हिशेबात त्याहून जास्त बसत नाही. प्रत्यक्षात काय होते? वाटा वेळेवर जात नाही, डायोसिस पगार दोन-तीन महिने लांबवते, पाळक बायकोच्या नोकरीवर किंवा शिकवण्यांवर दिवस काढतो आणि बदली मागतो. नवा पाळक गावाची माणसे ओळखेपर्यंत त्याचीही बदली.

हंगामाचा सण हा या हिशेबाचा कणा आहे. बाजरीची पायली, कोंबडी, अंडी, भोपळा, कोणी विणलेला रुमाल, सगळे वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर लिलाव. घेतलेली वस्तू पुन्हा दान करायची आणि पुन्हा बोली लावायची, ही मजेची चाल. एक भोपळा चार वेळा विकला जातो. बिघडते ते दोन ठिकाणी. एक, सण नोव्हेंबरात धरला तर बोली लावणारेच गावात नसतात; तो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावा. दुसरे, उधारीची बोली. जोशात हजार रुपये बोललेला माणूस पुढच्या सणापर्यंत तोंड चुकवतो, आणि मग चर्चलाच येत नाही. १८,००० च्या लिलावात ६,००० उधारी असेल तर ते उत्पन्न नव्हे, सहा घरे गमावण्याची तयारी आहे. रोख बोली, नाहीतर धान्य.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. सप्टेंबरात माणसाच्या हातात दिसणारा पैसा ही मुकादमाची उचल असते. ते कर्ज आहे, अजून न तोडलेल्या उसाचे. त्याच्यातून दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) मागणे बरोबर नाही, मग व्यासपीठावरून कोणी कितीही वचने वाचोत. आणि एप्रिलमध्ये हिशेब होतो तेव्हा कित्येकांच्या अंगावर बाकी निघते. म्हणून या घरांकडून पैशाऐवजी जिन्नस आणि श्रमदान घ्यावे, रोख वर्गणी पगारदार आणि शहरातल्या घरांकडून. शहरातल्या लोकांना 'गावच्या चर्चसाठी मदत' असे मोघम मागितले तर एकदा देतात. 'आपल्या आजोबांच्या मंडळीच्या पाळकाच्या पगारातला दरमहा ३०० रुपयांचा भाग' असे मागून दर तिमाहीला पावती आणि हिशेबाचे एक पान पाठवले तर देत राहतात. अशी दहा घरे मिळाली तर वर्षाला ३६,०००. म्हणजे पाळकाचा वाटा सुटला आणि गावचे दान इमारतीला उरले.

परदेशातून ओळखीने पैसे येतील ही आशा अजून पुष्कळांना असते. विदेशी अंशदानाच्या कायद्यात २०२० साली बदल झाला : नोंदणी असलेली संस्था हा पैसा दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही आणि तो आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. गावच्या मंडळीच्या किंवा पाळकाच्या बचत खात्यावर परक्या देशाच्या नागरिकाने चर्चसाठी पाठवलेले हजार रुपयेसुद्धा अडचणीत आणतात. तो नाद सोडावा.

पाळक नसलेल्या रविवारी

पाच गावे, एका रविवारी दोन उपासना, सकाळी एक आणि दुपारी चारला एक. महिन्याला आठ-नऊ फेऱ्या. मोठ्या गावाला तीन, बाकीच्या चार गावांना एक किंवा दोन. उरलेल्या रविवारी वडीलजन (मंडळीने नेमलेले ज्येष्ठ) उपासना चालवतात : गीते, शास्त्रवाचन, प्रार्थना. संदेशाचीच पंचाईत, तोच दाखला, तीच उदाहरणे. पाळकाने महिन्याच्या सुरुवातीला चार उतारे ठरवून दिले, प्रत्येकावर पाच मिनिटांचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवला तर वडीलजनाला धागा मिळतो. प्रभुभोजन, बाप्तिस्मा आणि लग्न पाळकाशिवाय होत नाही; दफनविधी मात्र गरज पडली तर वडीलजन चालवतात, आणि त्यांना तो नीट शिकवून ठेवला पाहिजे.

लग्नांची गर्दी मेमध्ये. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लागावे लागते. हळद, वरात, डीजे करता करता नवरदेव साडेसहाला चर्चच्या दारात, आणि पाळकाचे दुसऱ्या गावात दुसरे लग्न. साताच्या पुढे लावून वहीत सहा लिहिणारा पाळक स्वतःचा गळा अडकवतो. वयाचा पुरावा आधी पाहायचा, मुलगी १८, मुलगा २१. ऊसतोडीच्या घरांत मुलीला कोपीवर न्यायचे कसे आणि घरी एकटी ठेवायची कशी, या भीतीने लग्ने लवकर होतात. ही भीती खरी आहे. पाळकाने केवळ नाही म्हणून भागत नाही. मुलीला वसतिगृहात जागा मिळवून देणे हे त्याचेच काम होऊन बसते.

पाळक कमी पडतो तिथे नव्या प्रार्थनासभा भरतात. तालुक्यातून मोटारसायकलवर येणारा तरुण उपदेशक, कीबोर्ड, आजारासाठी प्रार्थना, दर आठवड्याला घरी फेरी. जुन्या मंडळीचे लोक त्यांना नावे ठेवतात आणि स्वतःची नातवंडे तिकडेच जातात. त्यांच्याशी भांडून काही मिळत नाही. ते दर आठवड्याला घरी येतात आणि आपण पाच आठवड्यांनी एकदा, एवढाच त्याचा अर्थ. मात्र त्यांच्या सभेतल्या वादाचा डाग गावात सगळ्याच ख्रिस्ती घरांवर बसतो, म्हणून सरपंच, पोलीस पाटील यांच्याशी पाळकाची आणि वडीलजनांची ओळख आधीपासून असावी. सप्ताहात आणि नाताळात एकमेकांच्या चहाला जाणारी माणसे पुढे आलेले प्रकरण चावडीवरच मिटवतात.

रजिस्टर आणि जातीचा दाखला

हा भाग नाजूक आहे आणि बहुतेक अहवाल तो वगळतात. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंनाच होता; १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. गावात याचा परिणाम असा की एकाच भिंतीला लागून राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाच्या कागदावर 'हिंदू महार', दुसऱ्याच्या कागदावर 'ख्रिश्चन', आणि दोघेही एकाच चर्चमध्ये. राखीव जागेवरची निवडणूक, शिष्यवृत्ती, नोकरी, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण, सगळे त्या एका रकान्यावर. म्हणून पुष्कळ आईबाप मुलांना चर्चला पाठवतात पण बाप्तिस्म्याची नोंद नको म्हणतात. मंडळीची खरी संख्या आणि यादीतली संख्या जुळत नाही, ती यामुळे.

पाळकावर दोन्ही बाजूंनी दाब येतो. कोणाला रजिस्टरातले नाव नको असते, कोणाला मागील तारखेचे नाव हवे असते. दोन्हींना नकार एवढाच मार्ग आहे. एकदा खाडाखोड झाली की सगळे रजिस्टर पुरावा म्हणून निकामी होते. आणि ते निकामी होऊन चालणार नाही, कारण त्याचा सर्वांत मोठा उपयोग याच गरीब घरांना आहे. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर शाळेचा दाखला नाही. पण त्यांचा बाप्तिस्मा किंवा लग्न १९४० साली नोंदलेले असते, कधी मूळ जातीसह. जात पडताळणी समितीपुढे हे पान घराचे नशीब बदलू शकते.

ही रजिस्टरे आज कुठे आहेत? एक पाळकाच्या पेटीत, एक माजी सेक्रेटरीच्या माळ्यावर, एक वाळवीने अर्धे खाल्लेले. करायचे ते असे : सगळी एका ठिकाणी आणणे, उन्हात न वाळवता सावलीत पान पान मोकळे करणे, मऊ ब्रशने धूळ झाडणे, प्रत्येक पानाचा वरून सरळ, फ्लॅशशिवाय फोटो घेणे, फोटोंना रजिस्टरचे वर्ष आणि पान क्रमांक देणे, एक प्रत डायोसिसकडे, एक बाहेर. प्लास्टिकचे लॅमिनेशन कधीही करू नये, शाई आणि कागद दोन्ही जातात. मूळ वही सुती कापडात, पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून फूटभर उंच. कोणी मागितले तर उतारा द्यावा, मूळ वही चर्चबाहेर जाऊ देऊ नये. समितीने मागवली तर पाळकाने स्वतः न्यावी आणि परत आणावी.

जागा कोणाची

स्लॅबचा ठराव अडला तो इथे. चर्चची जागा मंडळीची आहे असे गावात सगळे धरून चालतात. कागदावर ती मिशनच्या ट्रस्टची. सातबारावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर कुठे 'अमेरिकन मिशन', कुठे नुसते 'चर्च', कुठे कधीच वारलेल्या मिशनऱ्याचे नाव. चर्चे एक झाली म्हणून मालमत्ता आपोआप एक होत नाही. गुजरातेतल्या ब्रदरन चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हेच सांगितले : विलीनीकरणाचा ठराव पुरेसा नाही, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची रीत पाळावी लागते.

गावकमिटीने पावसाळ्यातच करायच्या गोष्टी. धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा काढायचा आणि आपली जागा त्यात आहे का, विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत ते पाहायचे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो कित्येक वर्षे दिलेला नसतो, आणि यादीतले निम्मे विश्वस्त कबरीत असतात. मग तहसीलमधून जुने फेरफार, भूमी अभिलेखमधून मोजणी. मोजणीच्या दिवशी चारही कोपऱ्यांना दगड रोवून फोटो. गावठाणात स्वामित्व योजनेखाली ड्रोनची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवर धारक म्हणून काय लागले ते ताबडतोब पाहावे. चौकशीच्या वेळी चर्चतर्फे कोणी हजर नव्हते म्हणून जागा भलत्याच नावाने लागू शकते, आणि चौकशी होते तेव्हा कमिटी कारखान्यावर असते.

विकणे, अदलाबदल, बक्षीसपत्र, शेतजमीन दहा वर्षांहून आणि इमारत किंवा बिनशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाड्याने देणे, यांना याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. कंपाऊंडच्या रस्त्याकडच्या बाजूला 'तात्पुरती' टपरी ११ महिन्यांच्या करारावर द्यायची आणि वीस वर्षे ठेवायची, हा या पट्ट्यातला सर्रास प्रकार आहे; टपरीवाला मंडळीचाच असतो म्हणून कोणी बोलत नाही.

दफनभूमी

४६ घरांच्या मंडळीत वर्षाला दोन मयती धरा. एका कबरीला वाटेसह ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. एक गुंठा १,०८९ चौरस फूट. मधली वाट सोडली तर गुंठ्यात २५ कबरी. दोन गुंठ्यांत ५०, म्हणजे पंचवीस वर्षांची सोय. मिशनच्या काळातली दफनभूमी या हिशेबाने कधीच भरायला हवी होती. मातीच्या कबरी कालांतराने पुन्हा वापरल्या म्हणून चालली. आता प्रत्येक जण फरशीचा ओटा बांधतो आणि जागा कायमची अडते. पक्क्या ओट्याला मनाई, फक्त डोक्याकडे दगड, असा ठराव जागा असतानाच करायचा; मयताच्या दिवशी कोणाला सांगता येत नाही. काळ्या जमिनीत पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो आणि उन्हाळ्यात कबरीला भेगा पडतात, म्हणून जागा मुरमाची पाहावी. नव्या जागेसाठी ग्रामसभेचा ठराव, तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी. जमीन महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे सरकारी जमीन दफनभूमीसाठी राखून ठेवता येते. सातबारावर ती नोंद येईपर्यंत काम झाले असे समजू नये. जाण्याचा रस्ता कोणाच्या बांधावरून असेल तर तोही त्याच अर्जात.

छप्पर

आता स्लॅब. ४० बाय २० फुटांवर चार इंची स्लॅब म्हणजे सुमारे साडेसात घनमीटर काँक्रीट, वजन जवळजवळ १९ टन. सध्याच्या छपराला साधारण १,६५० कौले लागतात, त्यांचे वजन चार टनांच्या आसपास, वर लाकूड. चुन्यात आणि मातीत रचलेल्या भिंतींना हा भार पेलवेल असे धरणे धोक्याचे आहे. भिंती बाहेर फुगतात, खिडकीच्या कमानीवर तिरप्या भेगा येतात. शिवाय २० फुटांचा गाळा तुळईशिवाय चार इंचात होत नाही, म्हणजे तुळया, खांब, नवा पाया. जमलेल्या पैशात हे बसणारच नव्हते.

गळतीचे कारणही कौले नव्हेत, निदान सगळी नव्हेत. कैचीचे टोक भिंतीत जिथे बसते तिथे लाकूड कुजले आहे, त्यामुळे रीप (कौले टेकतात त्या लाकडी पट्ट्या) खचले, कौलांच्या खाचा सुटल्या. सुतळीने छपराची ओळ धरली तर झोल लगेच दिसतो. आणि भिंतीला वीस वर्षांपूर्वी सिमेंटचे दर्जे (दगडांमधले सांधे) भरले. आत शिरलेले पाणी बाहेर पडायला जागा राहिली नाही, ते कैचीच्या टोकाशी साठत राहिले. सिमेंट घट्ट, आतला चुना मऊ, म्हणून दर्जे जागोजाग दगडाची कड घेऊन सुटले आहेत.

काम दोन हंगामांत करता येते. पहिल्या एप्रिल-मेमध्ये, माणसे परत आली की, छप्पर. एका वेळी अर्धीच बाजू उघडायची, कारण वळिवाचा पाऊस सांगून येत नाही. कौले उतरवून ब्रशने घासून रचून ठेवायची. फुटकी दहा टक्के धरली तर १६५, वर थोडी जादा, शिवाय कण्यावरची ४० कोने. रीप दोन बाजूंचे मिळून १,२०० फूट, साडेबारा इंचांच्या अंतराने. कौल हातात घेऊन अंतर प्रत्यक्ष तपासायचे, कारण कारखान्या-कारखान्यागणिक ते बदलते. कैचीचे कुजलेले टोक कापून नवे सागवान दोन बाजूंना पट्ट्या आणि बोल्ट लावून जोडायचे, टोकाभोवती बोटभर हवा राहील अशी पोकळी सोडायची आणि वाळवीचे औषध पाजायचे. सुतार आणि गवंडी पैशाचे. चढवणे-उतरवणे, घासणे, पाणी मारणे श्रमदानाचे.

भिंतीचे काम पाऊस संपल्यावर, थंडीत. सुटलेले सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढायचे, हातोडी जोरात चालली तर दगडाची कड उडते. मुरलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग. दर्जा ओला करून दाबून भरायचा आणि आठवडाभर ओले गोणपाट. चुन्याचे काम जाणणारा गवंडी जवळपास मिळत नसेल तर नगरहून आणावा. गावातला गवंडी 'चुन्यात थोडे सिमेंट टाकू, पक्के होईल' म्हणतो, तिथे त्याला थांबवावे. थंडीत गावात माणसे नसतात, त्यामुळे रोज पाणी मारायची जबाबदारी वर सांगितलेल्या तीन न जाणाऱ्या सभासदांची. त्यासाठी एका माणसाची आठवड्याची मजुरी अंदाजपत्रकात आधीच धरावी.

ठराव नव्याने लिहिताना त्यात स्लॅब हा शब्द नको, ट्रस्टच्या विश्वस्तांची लेखी संमती जोडलेली हवी, आणि आधी जमलेल्या वर्गणीची नाववार यादी चर्चच्या दारावर लावलेली हवी. ज्यांनी स्लॅबसाठी दिले त्यांना विचारावे. परत हवे असेल तर द्यावे.